फोर्ट की बीकेसी? व्यापारी विभाग पायी कसा तपासायचा

मुंबईचा मध्यवर्ती व्यापारी विभाग फोर्टात आहे की बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), हे पायी तपासायला फोर्टात माणसांच्या आणि मजल्यांच्या मोजणीला जायचं तर मंगळवार, बुधवार, गुरुवार यांतलाच एखादा दिवस पकडा. शुक्रवारी बऱ्याच कचेऱ्यांतली मंडळी घरून काम करतात, आणि सोमवारी आपल्याच गटातलं कोणीतरी उशिरा येतं. शिवाय एक रविवार राखून ठेवा, त्याचं कारण पुढे सांगते. त्या रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर फुटपाथ रिकामा दिसेल ब्लॉकमुळे आणि तुम्ही निष्कर्ष काढाल व्यापारी विभागाबद्दल.

मी ठाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. क्षेत्रभेटीसाठी दरवर्षी एखादा तरी गट 'मुंबईचा मध्यवर्ती व्यापारी विभाग' हा विषय घेतोच, आणि पहिल्या मसुद्यात हमखास वाक्य असतं: 'फोर्ट हे मुंबईचे हृदय आहे.' मी ते लाल पेनने खोडते. ज्याची मोजणी करता येत नाही ते वाक्य प्रकल्पात नको. मोजता काय येतं, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

व्यापारी विभागाबद्दल लिहिताना महत्त्व आणि आकर्षण असे दोन शब्द जोडीने येतात, म्हणून मुलं दोन्हीला एकच समजतात. मी सोपी फोड करून देते. ज्या ठिकाणी लोकांना यावंच लागतं ते महत्त्वाचं. जिथे काम नसतानाही यावंसं वाटतं ते आकर्षक. कोर्टाची तारीख, मंत्रालयातली फाइल, बँकेचं मुख्य कार्यालय हे सगळं पहिल्या खात्यात. काळा घोड्याला फिरायला येणं दुसऱ्या खात्यात. एकाच रस्त्यावर दोन्ही असू शकतं, पण वहीत दोन वेगळे रकाने पाडायचे आणि शेवटपर्यंत वेगळेच ठेवायचे.

आधी हद्द ठरवा

फोर्ट कुठे संपतो? तटबंदी १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडली, तेव्हापासून याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नाही. गटातल्या चार जणांना नकाशावर रेघ मारायला सांगा, चार रेघा येतील. कोणी नरिमन पॉइंट आत घेईल, कोणी बॅलार्ड इस्टेट बाहेर ठेवेल, कोणी थेट क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जाईल.

इथे मर्फी आणि व्हान्स कामाला येतात. या दोन अमेरिकन भूगोलज्ञांनी १९५४ मध्ये नऊ अमेरिकन शहरं अभ्यासून एक पद्धत मांडली. रस्त्यांनी वेढलेला इमारतींचा एक गट घ्यायचा आणि त्याचे दोन आकडे काढायचे. उंची निर्देशांक म्हणजे व्यापारी वापराचं एकूण चटईक्षेत्र भागिले तळमजल्याचं क्षेत्र. तो किमान १ हवा. तीव्रता निर्देशांक म्हणजे सगळ्या मजल्यांच्या एकूण क्षेत्रापैकी व्यापारी वापर किती टक्के. तो किमान ५० हवा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या आणि तो गट बाकीच्या विभागाला लागून असला, तर आत. नाहीतर बाहेर.

उदाहरण घेऊ. बोरा बाजाराकडचा एक गट, तळमजला अधिक चार, प्रत्येक मजला १,००० चौरस मीटर. तळाला दुकानं, पहिल्या-दुसऱ्यावर ऑफिसं, तिसऱ्यावर बिऱ्हाडं, चौथ्यावर बंद खोल्या. एकूण ५,००० पैकी व्यापारी ३,०००. उंची निर्देशांक ३, तीव्रता ६० टक्के. गट आत आला. आता दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस उठून गेलं आणि कुलूप लागलं असं समजा. उंची २ राहते, पण तीव्रता ४० वर येते आणि अख्खा गट हद्दीबाहेर जातो. म्हणजे तुमची रेघ एका कुलपावर हलते. म्हणून वरचे मजले बघितल्याशिवाय हद्द काढू नका. तळमजल्यावर भरगच्च दुकानं आणि वर सामसूम, हा फोर्टातला नेहमीचा प्रकार आहे.

सुरुवात हुतात्मा चौकापासून करा आणि चारही दिशांना चालत जा. उत्तरेला दादाभाई नौरोजी रोडने सीएसएमटी. पूर्वेला हॉर्निमन सर्कलवरून बॅलार्ड इस्टेट. पश्चिमेला वीर नरिमन रोडने चर्चगेट. दक्षिणेला महात्मा गांधी रोडने काळा घोडा आणि पुढे रीगल. वर वाळत घातलेले कपडे, खिडकीतली तुळस, जिन्यात सायकल असं काही दिसायला लागलं की चाल मंद करा, हद्द जवळ आली. जमिनीचं मोजमाप गुगल अर्थवर बहुभुज काढून मिळतं, टेप घेऊन रस्त्यात उतरायची गरज नाही.

एक अडचण सांगून ठेवते, कारण परीक्षक ती विचारतातच. मर्फी-व्हान्स सरकारी आणि सार्वजनिक इमारती व्यापारी वापरात धरत नाहीत. राहती घरं नाहीत, कारखाने नाहीत, घाऊक गोदामंही नाहीत. अमेरिकन शहराला हे चालून गेलं असेल. आपल्याकडे उच्च न्यायालय, मंत्रालय, महापालिका, जीपीओ, कस्टम हाऊस सगळं वगळलं तर नकाशाला भोकं पडतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, भोवतालची ऑफिसं तिथे का आहेत हेच कळेनासं होतं. सॉलिसिटर, नोटरी, स्टॅम्प विक्रेते, झेरॉक्सवाले हायकोर्टाच्या आधाराने जगतात. क्लिअरिंग एजंट कस्टम हाऊसच्या आधाराने बॅलार्ड इस्टेटमध्ये बसतात. मी मुलांना दोन नकाशे काढायला लावते, एक नियमाप्रमाणे आणि एक सरकारी इमारती धरून. दोन्हींतला फरक हाच प्रकल्पातला सगळ्यात वाचनीय भाग होतो.

नरिमन पॉइंटचं काय करायचं? सलगतेची अट कडक लावली तर मध्ये ओव्हल मैदान येतं, त्याच्या पश्चिमेला आर्ट डेकोच्या राहत्या इमारती येतात. तो समुद्रात भर घालून केलेला, १९७० च्या आसपास उभा राहिलेला वेगळा तुकडा आहे. वेगळाच दाखवा.

जिन्यातली पाटी

वरच्या मजल्यांवर काय आहे हे रस्त्यावरून कळत नाही आणि प्रत्येक दार ठोठावायला कोणी देणार नाही. फोर्टातल्या जुन्या इमारतीत शिरलात की डाव्या किंवा उजव्या भिंतीला नावांची पाटी असते. लाकडी चौकट, काळ्या पट्ट्या, पांढरी किंवा सोनेरी अक्षरं, मजल्याप्रमाणे. हिच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. कुठल्या पट्ट्या नव्या आहेत, कुठल्या कोऱ्या, कुठे जुनं नाव रंगाखालून अजून वाचता येतं, हे सगळं टिपा. एखाद्या सॉलिसिटर फर्मच्या नावात तीन आडनावं असतात आणि खाली बारीक अक्षरात 'प्रवेश मागच्या जिन्याने'. शिपिंग कंपनीची पट्टी काढून त्याच खिळ्यांवर कोचिंग क्लासची बसवलेली दिसते. एका मजल्यावर चार पट्ट्या कोऱ्या असतील तर त्याची किंमत तुमच्या तीव्रता निर्देशांकात उमटली पाहिजे.

पाटीवर पूर्ण विश्वास मात्र टाकू नका. गेलेल्या माणसाची पट्टी कोणी काढत नाही. म्हणून जिन्याखालची टपालपेटी बघा. पाकिटांनी कोंबून भरलेली पेटी म्हणजे ऑफिस बंद. विजेचे मीटरही तिथेच असतात, त्यांच्यावर खोली क्रमांक रंगवलेला असतो. बंद मीटर आणि कोरी पट्टी जुळली की नोंद पक्की. आणि लिफ्टमन असेल तर त्यालाच विचारा. 'काका, तिसऱ्यावर कोणी बसतं का हल्ली?' या प्रश्नाला लिफ्टमनइतकं नेमकं उत्तर महापालिकेच्या नोंदीतसुद्धा सापडायचं नाही.

बरोबर कॉलेजचं शिक्क्याचं पत्र ठेवा. शेअर बाजार, रिझर्व्ह बँक, मंत्रालय आणि नौदल गोदीच्या परिसरात फोटोच्या भानगडीत पडू नका. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत शेअर बाजाराची इमारत लक्ष्य होती, तिथला पहारा उगीच नाही.

भाव: पुस्तकातला आणि पागडीतला

पुस्तकात लिहिलेलं असतं की मध्यभागी जमिनीचा भाव सर्वांत जास्त आणि बाहेर जाताना उतरत जातो. हे तपासायला रेडी रेकनर, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरांचा तक्ता, हाताशी आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक दर फुकट बघता येतात. मुंबई जिल्हा निवडा, विभाग निवडा, उपविभागाचे दर समोर येतात. खुली जमीन, निवासी, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे वेगळे रकाने असतात, सगळे चौरस मीटरला. दलाल चौरस फुटाची भाषा बोलतात, तेव्हा तुलनेसाठी रेडी रेकनरचा दर १०.७६४ ने भागायला विसरू नका. सर्वांत महाग उपविभागाला १०० धरा आणि बाकीचे त्याच्या टक्क्यांत मांडा, आलेख आपोआप बोलतो. कार्यालय आणि दुकान यांच्या दरातली तफावतही बघा. दुकानाचा दर खूप वर असेल तर तो रस्ता चालणाऱ्यांचा. हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर आहे, बाजारभाव वेगळा, हे एका ओळीत नमूद करा.

पण फोर्टात प्रत्यक्ष भाडं कोण किती देतं हे दरावरून ओळखायला गेलात तर फसाल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. पागडी (गाळा घेताना एकरकमी दिलेली रक्कम) देऊन गाळा घेतला की भाडेकरू आणि त्याची पुढची पिढी तिथेच. मालकाला मिळतं नाममात्र भाडं, मग तो इमारतीची डागडुजी कशाला करेल? नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने बँका, सरकारी कंपन्या आणि १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं. छोट्यांचं राहिलं.

याचा नकाशावर परिणाम असा, की जिथे सिद्धांताप्रमाणे सर्वांत जास्त पैसे मोजणारा बसायला हवा, तिथे छत्री दुरुस्तीवाला, जुना घड्याळजी आणि इराणी हॉटेल बसलेलं दिसतं, आणि मोठी कंपनी उठून गेलेली असते. मुलांना हे सिद्धांताविरुद्ध वाटतं आणि ती नोंद लपवतात. लपवू नका. आणि एक माझं मत, मानायचं तर माना: तो इराणी आणि तो घड्याळजी आहेत म्हणून तर रविवारी लोक फोर्टात येतात. महत्त्वाच्या रकान्यात गाळा शून्य मार्कांचा, आकर्षणाच्या रकान्यात पैकीच्या पैकी.

माणसं मोजणं

जोडीने उभं राहायचं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पाचाच्या जुड्या पाडायच्या. फुटपाथवर मनात एक रेघ धरा आणि ती ओलांडणारा प्रत्येक माणूस धरा, दोन्ही दिशा वेगवेगळ्या. वेळ दहा मिनिटं. सीएसएमटीपाशी दोन मिनिटांची मोजणी अगदी निरुपयोगी, कारण गाडी लागली की लोंढा, आणि पुढची लागेपर्यंत कबुतरं. सकाळी साडेनऊ, दुपारी दीड, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेआठ, या वेळा सर्व ठिकाणी एकच ठेवा.

रात्रीची मोजणी टाळायची मुलांची इच्छा असते, पण तीच खरी कामाची. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. फोर्ट, चर्चगेट, कुलाबा ज्यात येतात त्या ए वॉर्डात २०११ ला जेमतेम १.८५ लाख माणसं राहत होती. दिवसा तिथे किती असतात ते तुमचे आकडे दाखवतील. सहाला वाहणारी बॅलार्ड इस्टेट साडेआठला पार ओस पडते, बोरा बाजार मात्र जागा असतो, कारण वर बिऱ्हाडं आहेत.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन इथे आता माणसं जमिनीखालून वर येतात. सीनियर गटाच्या जुन्या वहीतले आकडे आणून तुलना करणार असाल तर ही तारीख दोन्हींच्या मध्ये ठळक लिहा.

मग माणसांना थांबवून विचारा. 'तुम्ही कुठे राहता?' असं विचारलंत तर लोक सावध होतात. 'तुमचा पास कुठून कुठे आहे?' याला पटकन उत्तर येतं, आणि स्टेशनाचं नाव नेमकं मिळतं. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर, कल्याण सीएसएमटीपासून ५४, कर्जत १००. ही स्टेशनं नकाशावर टिपली की विभागाचं प्रभावक्षेत्र हातात येतं. त्यानंतर एकच प्रश्न, तोच सर्वांत महत्त्वाचा: 'काम नसतं तर आज इथे आला असता का?' एका शिपाई गृहस्थांनी आमच्या मुलीला सांगितलं, 'इथं? देवाची शपथ नाही. पण रविवारी बायकोपोरांना घेऊन गेटवेला येतोच की.' तिने गोंधळून 'नाही' आणि 'हो' दोन्हींवर खूण केली. मी म्हटलं, शाब्बास, तशीच राहू दे.

दुपारच्या गर्दीचा आणखी एक माग डब्यांवरून काढता येतो. साडेअकराच्या सुमाराला चर्चगेट स्टेशनाबाहेर डबेवाले डबे लावत असतात. झाकणावर रंगाने मधोमध मोठा आकडा असतो, तो उतरवण्याच्या भागाचा. बाजूला इमारतीची अक्षरं आणि मजला. अडथळा न होता, बाजूला उभं राहून बघा. कुठल्या इमारतीचे डबे जास्त, हे दोन-चार दिवसांत लक्षात येतं. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था कोविडनंतर बरीच रोडावली आहे, म्हणून ऑर्डर आणणाऱ्या मोटारसायकली गेटवर मोजायला एक जण वेगळा ठेवा.

आकर्षणाचा तक्ता

उणे दोन ते अधिक दोन गुण. सावली, फुटपाथची रुंदी, बसायला जागा, स्वच्छतागृह, आवाज, दर्शनी भागाची निगा, चहा-खाणं, अंधार पडल्यावर वाटणारी सुरक्षितता. प्रत्येक ठिकाणी दोघांनी वेगवेगळे भरायचे, त्यातली एक मुलगी हवीच. 'स्वच्छतागृह' या ओळीत मुलाचे आणि मुलीचे गुण जुळले, असं मला अजून दिसलेलं नाही.

दादाभाई नौरोजी रोड इथे भाव खाऊन जातो. कमानींखालून पावसातही बराच रस्ता कोरडा चालता येतो, दुकानांच्या पाट्या कमानींच्या मापात बसवलेल्या आहेत, आणि वळून बघितलं की सीएसएमटी. ही वास्तू २००४ मध्ये आणि गॉथिक-आर्ट डेको परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. वारशाला वेगळे गुण देऊ नका, दर्शनी भागाच्या ओळीत ते येऊन गेले.

हाच तक्ता घेऊन बीकेसीला जा. १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन आलं, ३७० हेक्टर, मिठी नदीकाठची दलदल. दक्षिण मुंबईवरचा भार हलका करायचा म्हणून ठरवून वसवलेला हा भाग. राष्ट्रीय शेअर बाजार आणि शेअर बाजारांवर देखरेख ठेवणारी सेबी इथे आले. २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर ऑपेरा हाऊसच्या पंचरत्नमधले हिरेवाले इथे सरकले. २०११ मध्ये अमेरिकी वकिलात ब्रीच कँडीहून आली. उच्च न्यायालयाची नवी इमारतही वांद्रे पूर्वेला व्हायची आहे, म्हणजे फोर्टातल्या जिन्यांमधल्या पाट्यांचं पुढे काय होतं ते बघण्यासारखं असेल. रेडी रेकनर, डबे, कंपन्यांची नावं, महत्त्वाचे सगळे रकाने इथे भरतात.

आता राखून ठेवलेला रविवार. गटातले निम्मे काळा घोडा ते हुतात्मा चौक, निम्मे बीकेसीच्या जी ब्लॉकमध्ये, त्याच चार वेळांना. बीकेसीत मॉलच्या दारात आणि मॉलपासून दोन चौक दूर अशा दोन जागा घ्या, नाहीतर एकाच इमारतीची गर्दी अख्ख्या संकुलाच्या नावावर जमा होईल. वांद्रे आणि कुर्ला ही दोन्ही स्टेशनं संकुलाबाहेर, तिथून शेअर रिक्षा किंवा बस. रांगेत किती वेळ गेला तेही लिहा. फोर्टात रिक्षा नाहीच, पण लागतही नाही, सीएसएमटीला उतरलं की समोर दुकानं सुरू. मेट्रोने बीकेसीचं हे दुखणं थोडं कमी केलंय, किती ते तुमची प्रश्नावली सांगेल.

मांडणीच्या वेळी पारदर्शक कागदावर तीन थर काढा: निर्देशांकांची हद्द, आठवड्यातल्या दिवसाची गर्दी, रविवारची गर्दी. एकावर एक ठेवून बघा, कुठे जुळतात आणि कुठे नाही ते शब्दांत लिहा, पानभर पुरे. प्रस्तावनेत शहराचा सात बेटांपासूनचा इतिहास नको, तो सगळ्यांच्याच वहीत असतो. आणि चहाचे डाग पडलेले कच्चे तक्ते फेकू नका, मागे जोडा. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे सर आधी तेच उलटून बघतात.